नातीचा सॉस, आजीची कल्हई

कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर कावेरीकाठी स्वामीमलै आहे. मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. ६० पायऱ्या चढून वर गेलं की स्वामीनाथाचं दर्शन होतं. इथली कथा मोठी गोड आहे. बाळ मुरुगनाने प्रत्यक्ष शंकराला ॐकाराचा अर्थ सांगितला आणि महादेवाने तो शिष्यासारखा ऐकून घेतला. मुलगा गुरू, बाप शिष्य!

माझ्या नणंदेचं सासर याच गावातलं. व्यंकोजीराजांच्या काळात, १७व्या शतकात, तंजावर मुलखात आलेल्या मराठी घराण्यांपैकी एक. घरात अजून मराठी बोलतात, पण तिला तमिळचा हेल आहे. नणंदेच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. पन्नास वर्षं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. दुसऱ्या कुणी काही रांधलं तर चाखून 'बरं आहे' एवढंच म्हणणार!

मागच्या सुटीत नात चेन्नईच्या वसतिगृहातून आली आणि तिने जाहीर केलं, ''आज पास्ता मी करणार. सॉससुद्धा घरचा.'' सॉस तिने आधी कधी केलेला नव्हता. फळीवरची चकचकीत पितळी कढई काढली, टोमॅटो चिरून टाकले, दहा मिनिटं शिजवले आणि कढई तशीच झाकून ठेवली. रात्री पहिल्याच घासाला सगळ्यांचे चेहरे बदलले. सॉस पाणचट, आंबट आणि चक्क कळकलेला! ताटं तशीच राहिली. पोरगी ''मला काहीच येत नाही'' म्हणत उठून गेली.

सकाळी आजी तिच्याजवळ जाऊन बसल्या. ''कढईची कल्हई गेलीय. तू ती काढलीस तेव्हा मी पाहिलं होतं, पण बोलले नाही. चूक माझी. आता तू मला शिकव.'' आणि खरंच, स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या.

मैत्रिणींनो, त्या दिवशी जमलेला सॉस आपणही करून पाहा. चौघांसाठी लालबुंद, पिकलेले टोमॅटो १ किलो, कांदा १, लसणाच्या ५-६ पाकळ्या, तेल ३ मोठे चमचे, मीठ, मिरपूड आणि लागलीच तर अर्धा चमचा साखर, एवढंच साहित्य. गावठी टोमॅटोत पाणी आणि आंबटपणा जास्त. लांबट, गरदार टोमॅटो घेतले तर सॉस लवकर आटतो.

टोमॅटोच्या बुडाशी सुरीने फुली मारून ते उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवा, मग गार पाण्यात टाका. सालं आपोआप सुटतात. गर बारीक चिरा. तेलात कांदा मऊ होईपर्यंत परता, मग लसूण घाला. तो लाल होऊ देऊ नका, कडवटपणा येतो. टोमॅटो आणि मीठ घालून मंद आंचेवर ३० ते ४० मिनिटं आटू द्या. नातीने पहिल्यांदा इथेच घाई केली होती. ''केव्हा झालं म्हणायचं?'' असं तिने विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, ''आपल्या टोमॅटोच्या तोक्कूसारखंच. कडेने तेल दिसायला लागलं की झालं.'' साखर घालायची ती शेवटी, चव घेऊनच.

भांडं मात्र स्टीलचं किंवा पक्क्या कल्हईचं हवं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो झिजला की टोमॅटोतलं आम्ल पितळेतलं तांबं उतरवतं आणि पदार्थ कळकतो. असं अन्न टाकूनच द्यावं. ॲल्युमिनियमच्या भांड्यातही हा सॉस करू नये, साठवू तर मुळीच नये.

परदेशी लोक यात बेसिलची पानं घालतात. ती कुठून आणायची, असा प्रश्न पडला. पण फालुद्यात आपण जो सब्जा घालतो, ते बेसिलच्याच जातीचं बी. तमिळमध्ये त्या झाडाला 'तिरुनीट्रुपच्चिलै' म्हणतात आणि ते तर परसातच होतं! गॅस बंद केल्यावर पाच-सहा पानं हाताने तोडून घातली. आजी हसल्या, ''आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात सांबार झालं, असं आपल्यात सांगतात. तुझंही तसंच चाललंय.''

पास्ता भरपूर खारट पाण्यात, पाकिटावर दिलेल्या वेळेइतकाच शिजवा. निथळताना वाटीभर पाणी बाजूला ठेवा. त्यातल्या पिठुळपणामुळे सॉस पास्त्याला छान धरून राहतो. बहुतेक सुका पास्ता कणखर गव्हाच्या रव्याचा असतो. तरी शाकाहारी मंडळींनी पाकिटावरची हिरवी खूण पाहूनच घ्यावा. कांदा-लसूण चालत नसेल तर तेलात चिमूटभर हिंग घाला. आजींसाठी नातीने तसाच वेगळा सॉस केला.

आजींनी पहिला घास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

''बरं आहे,'' त्या म्हणाल्या. नातीचा चेहरा पडणार, एवढ्यात त्यांनी ताट पुढे केलं, ''अजून थोडं वाढ.''

दुपारी कढई कल्हईला गेली.