विम्याचा हप्ता आणि रुग्णालयाचे बिल

वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला, तेव्हा नोकरदार कुटुंबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती सुटका अल्पजीवी ठरेल, असे आम्हांस वाटते. कर गेला, पण हप्ता ज्या कारणांनी फुगतो ती जागच्या जागी आहेत. कारखान्या-कचेऱ्यांच्या सामूहिक विम्यावरील कर तर गेलेलाच नाही.

या प्रश्नाचे मूळ पाहण्यासाठी किनाऱ्यापासून दूर, तेलंगणातील बेज्जूरकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. जुन्या आदिलाबादचा, प्राणहितेच्या खोऱ्यातील हा भाग २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. तेथील शिधापत्रिकाधारक गरीब कुटुंबास २००७ साली संयुक्त आंध्रात सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेचा आधार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा १० लाखांवर गेली. कारखान्यातील अल्पवेतनी कामगारास कर्मचारी राज्य विमा आहे. अडतो तो या दोहोंतून निसटलेला. वेतन दरमहा २१ हजारांच्या वर गेले की राज्य विमा सुटतो, आणि शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा त्याआधीच मागे पडलेली असते. वेतनवाढीचा दंडच म्हणायचा हा! मग खासगी विमा घ्यावा, आणि दुखणे मोठे निघाल्यास कागजनगर, मंचेरियाल किंवा सीमेपलीकडे चंद्रपूर-नागपूर गाठावे. रत्नागिरीहून कोल्हापूर-मुंबईकडे धावणाऱ्या कुटुंबाची स्थिती याहून वेगळी नाही. महाराष्ट्राने जनआरोग्य योजना सर्वांना खुली केली, हे स्वागतार्हच. पण ती ठरावीक उपचारांपुरती व ठरावीक रुग्णालयांपुरती.

हप्ता का वाढतो? विमा कंपनी रुग्णालयाचे बिल स्वतःच्या खिशातून भरीत नाही. ते पुढील वर्षी सर्व विमेदारांवर वाटले जाते. त्यात दलाली व व्यवस्थापनाची भर पडते. केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना जमा हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम खर्चापोटी वापरण्याची मुभा नियामकानेच २०२३ मध्ये दिली. हप्ता चढला की धडधाकट तरुण विमा सोडतो, मागे वृद्ध व आजारी उरतात, आणि हप्ता पुन्हा चढतो. वयोवृद्धांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढविण्यापूर्वी विचारविनिमय करावा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला खरा. पण तो रोग्याचा ताप उतरविण्याऐवजी तापमापक लपविण्यासारखा आहे.

खरा ताप रुग्णालयाच्या दरांत आहे. तेथे सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसले. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा येताच काही स्टेंट ८५ टक्क्यांपर्यंत उतरले. शस्त्रक्रिया, खाट, तपासणी यांना मात्र कोणी हात लावला नाही. २०१० चा केंद्रीय रुग्णालय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आमच्याकडे २०२१ च्या नियमांनी दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. फलकावर किती आकडा लिहावा, हे मात्र रुग्णालयावरच सोडले.

विमा कंपन्यांना दोष देणे सोपे आहे, व त्या निर्दोष नाहीतही. परंतु आमची मागणी मुंबईच्या व हैदराबादच्या मंत्रालयांकडे आहे: नेहमीच्या शस्त्रक्रियांना कमाल दर ठरवा. आणि दिल्लीने २०१७ पासून २१ हजारांवर बसविलेली राज्य विम्याची वेतनमर्यादा या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी उठवावी.