शौर्याचा पुरावा कुणी द्यायचा?

मार्कशीटवर एक मार्क कमी लागला तरी आपण युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर दहा चकरा मारतो. मग लढाईत कमावलेलं पदकच नोंदीत नसेल तर?

१२ जुलै १९७३ ला अमेरिकेत सेंट लुईसमधल्या लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागली. किमान १ कोटी ६० लाख फायली गेल्या. दुसरी प्रत नव्हतीच. १९१२ ते १९६० मध्ये लष्करातून बाहेर पडलेल्या सुमारे ८० टक्के सैनिकांच्या नोंदी जळाल्या. त्यात दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लढलेलेही होते.

तिथे आजही सेवापत्रात पदक नसेल तर दुरुस्तीचा अर्ज सैनिकानं किंवा वारसानंच करायचा, पुरावेही त्यांनीच जोडायचे. हे उलटं आहे. कागद सरकारच्या ताब्यात जळले, तर शोधायचे कष्टही सरकारनंच घ्यावेत. पगाराच्या नोंदी, तुकड्यांचे रोजचे अहवाल यांवरून बरंच काही पुन्हा उभं करता येतं. नव्वदीतल्या म्हाताऱ्याला कशाला पळवायचं?

कागदातली चूक आपल्याकडेही होऊ शकते. घरात, गावात माजी सैनिक असतील तर त्यांच्यासोबत बसा, डिस्चार्ज बुक उघडा, पदकं ताडून बघा. सांगणारा माणूस समोर आहे तोवरच.