चेतक परत आली, गॅरेजवाल्यांचे काय?

एक काळ असा होता की चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागायची. १९७२ साली आलेली ही पुण्याची स्कूटर घरात आली की मोहल्ल्यात मिठाई वाटली जायची. पण गिऱ्हाईक दारात रांग लावून उभे असले की कारखानदार बदलायला तयार नसतो. बजाज ऑटोचे नेमके तेच झाले. १९८५ मध्ये हीरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल आली आणि हळूहळू स्कूटरची सद्दी संपली.

बजाजने २००१ मध्ये पल्सर आणून जोरदार पुनरागमन केले. पण त्याच साली होंडाची बिनगिअरची अ‍ॅक्टिव्हाही बाजारात आली होती. तरी २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणेच बंद करायचे ठरवले. राहुल बजाज यांनी मुलाच्या या निर्णयाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली होती. आज देशात विकल्या जाणाऱ्या साधारण तीन दुचाकींमध्ये एक स्कूटर असते. म्हणजे एवढे मोठे गिऱ्हाईक कंपनीने हातचे सोडले.

आता तीच कंपनी पुन्हा कात टाकते आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर परत आली. ५ जुलै २०२४ ला पुण्यात सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आली. तिच्यात दोन किलो सीएनजीची आणि दोन लिटर पेट्रोलची अशा दोन टाक्या आहेत. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाजने २००७ पासून भागीदारी घेतली होती. ती कंपनी २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या दारात गेली, तेव्हा बजाजनेच पैसा ओतून तिला सावरले. थोडक्यात, सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत, हा धडा कंपनीने घेतलेला दिसतो.

धोके मात्र आहेतच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटारीत लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि चेतकचे उत्पादन घटवावे लागले. बाहेरच्या मालावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो, हे त्यातून दिसले.

पण आमच्या मते खरी कसोटी वेगळीच आहे. नव्या कंपन्यांनी चकचकीत स्कूटर विकल्या, पण सर्व्हिसिंगला त्यांची दमछाक झाली. हजारो तक्रारी आल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस बजावली. जुन्या कंपनीची ताकद नेमकी इथेच आहे. डीलर तर आहेतच, पण नाक्यानाक्यावरचे मिस्त्रीही आहेत. बजाजची गाडी कुठेही बंद पडो, ती खोलणारा माणूस हाकेच्या अंतरावर सापडतो. लोक आजवर गाडी घेताना हाच भरवसा विकत घेत आले.

विजेच्या स्कूटरला पिस्टन नाही, कार्बोरेटर नाही, क्लच प्लेट नाही, इंजिन ऑइल नाही. म्हणजे मिस्त्रीच्या रोजच्या कमाईतला मोठा भाग गेला. वाळूज आणि चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्यांचीही तीच गत. आपल्या समाजातल्या किती घरांची चूल या कामावर पेटते, हे वेगळे सांगायला नको. शाळा सुटलेला पोरगा उस्तादच्या हाताखाली पाने धरायला शिकतो आणि चार वर्षांत स्वतःचे गॅरेज टाकतो, हा रस्ता आता अरुंद होतो आहे.

म्हणून आम्हाला वाटते, कंपनीने बॅटरी आणि कंट्रोलरची दुरुस्ती फक्त शोरूममध्ये कोंडून ठेवू नये. बाहेरच्या मिस्त्रींना ट्रेनिंग द्यावे, अस्सल पार्ट आणि तपासणीची साधने वाजवी दरात द्यावीत. यात मेहेरबानी कसली? गावाकडचा माणूस विजेची गाडी तेव्हाच घेईल, जेव्हा ती गावातच दुरुस्त होईल.

आपल्यालाही कंपनीच्या भरवशावर बसून चालणार नाही. पेट्रोलच्या गाड्या उद्याच गायब होणार नाहीत, सीएनजीलाही इंजिन लागतेच. म्हणजे हाताशी काही वर्षे आहेत. तेवढ्यात गॅरेजमधल्या पोरांना आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्सचे धडे मिळाले पाहिजेत. पान्याबरोबर मल्टीमीटरही हाती आला, तर उस्तादचे दुकान चालू राहील.