पोरं ‘कच्ची’ नाहीत, त्यांना गप्प बसवलं जातंय!

“वस्तीतली पोरं कच्चीच,” म्हणणाऱ्या गुरुजींना विचारा : १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मधून मांग-महारांच्या दुःखाचा जाब धर्मठेकेदारांना विचारणारी, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे कच्ची होती का? तिला प्रश्न विचारू देणारी शाळा मिळाली, एवढाच फरक.

आज शिष्यवृत्तीची नावं भर वर्गात जातीसकट पुकारतात. पोर मान खाली घालतं. मग तेच ‘बोलत नाही’ म्हणून मागच्या बाकावर! शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. सरकारी-अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया हव्यात.

भावांनो, बहिणींनो, जयंतीच्या मिरवणुकीइतक्याच जोमानं आपल्या आयांना त्या समितीत बसवा. आई तिथं बोलली, की पोर वर्गात बोलेल.

जयभीम!