बार्बाडोसला निघालेल्यांना काय सांगाल?

ब्रिटनमधून बार्बाडोसला जाणाऱ्या पर्यटकाला फार काही सांगावे लागत नाही, असा एक समज आपल्या व्यवसायात रुजला आहे. ब्रिटिश पासपोर्टला व्हिसा लागत नाही, भाषा इंग्रजी, वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, क्रिकेटचे वेड आहेच, आणि लंडनहून नऊ-एक तासांत थेट विमान पोहोचते. १९६६ पर्यंत ही ब्रिटिश वसाहत होती. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी देश प्रजासत्ताक झाला, तोपर्यंत ब्रिटनची राणी तिथलीही राणी होती. 'लिटल इंग्लंड' हे या बेटाचे जुने टोपणनाव. त्यामुळे ब्रिटनमधला पर्यटक इथे परदेशात आल्यासारखा वागतच नाही. आमच्या मते धोका नेमका इथेच आहे. अनोळखी देशात माणूस जपून पाऊल टाकतो, विचारून घेतो. ओळखीच्या वाटणाऱ्या देशात तो विचारत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या कॅरिबियन सहली आखून देतात. अशा कुटुंबाबरोबर पुण्या-नाशकाहून आलेले आई-वडीलही असतात. त्यांच्या हाती पडणाऱ्या सूचनापत्रकांत 'मौल्यवान वस्तू सांभाळा', 'भरपूर पाणी प्या', 'रात्री एकटे फिरू नका' अशी वाक्ये असतात. ती जगातल्या कोणत्याही शहराला लागू पडतात, म्हणून ती कोणी वाचत नाही. ग्राहक जिथे निर्धास्त आहे आणि तसे असू नये, ती जागा दाखवणे हे सल्लागाराचे काम आहे.

लष्करी कॅमोफ्लाज छापाच्या कपड्यांचेच पाहा. ब्रिटनमध्ये कोणत्याही दुकानात अशी अर्धी विजार, टोपी, लहान मुलांचा टी-शर्ट मिळतो. बार्बाडोसमध्ये सैन्याबाहेरच्या कोणीही हा छाप वापरणे कायद्याने गुन्हा आहे, मुलांनीसुद्धा. पिशवीवर असला तरी अडचण येऊ शकते. जमैका, सेंट लुसिया, त्रिनिदाद इथेही अशीच बंदी आहे. ही सूचना विमानतळावर उतरल्यावर देऊन उपयोग नाही, ती बॅग भरण्याआधी पोहोचली पाहिजे. विजेचेही तसेच. ब्रिटनचा तीन पिनांचा प्लग तिथल्या अमेरिकी पद्धतीच्या सॉकेटमध्ये बसत नाही आणि दाब ११५ व्होल्टचा आहे. फोनच्या चार्जरला ते चालते, घरून नेलेल्या केस वाळवण्याच्या यंत्राला चालत नाही.

पण सर्वांत जास्त जागा द्यायला हवी ती समुद्राला. हे बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. पश्चिमेला होलटाउन, स्पाइट्सटाउनच्या बाजूला कॅरिबियन समुद्र इतका शांत असतो की लहान मुलेही गुडघाभर पाण्यात तासन्‌तास खेळतात. पूर्वेला बाथशेबाचा किनारा अटलांटिक महासागराचा आहे आणि तिथून थेट आफ्रिकेपर्यंत मध्ये जमीन नाही. त्या लाटांवर जगभरचे सर्फर येतात. पाण्याखालची ओढ मात्र पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत खेचून नेते. भाड्याची गाडी घेतलेले कुटुंब सकाळी पश्चिमेला पोहते आणि दुपारी तासाभरात पूर्वेला पोहोचते. सकाळचा धीर मनात असतो, समुद्र मात्र दुसरा असतो. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. म्हणून पत्रकात 'समुद्रात काळजी घ्या' असे मोघम लिहू नका. 'बाथशेबाला पाण्यात उतरू नका, किनाऱ्यावरून पाहा' असे लिहा. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे जोर लावून दमू नये, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे, हेही लिहा. कोकणात आणि गोव्यात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला यामागची तळमळ समजावून सांगायला नको.

किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी पत्रकांत क्वचितच दिसतात. एक म्हणजे मँचिनीलचे झाड. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि विषारी असते. पानाफांद्यांतल्या दुधाळ चिकाने कातडीवर फोड येतात. पाऊस आला की पर्यटक झाडाखाली धावतो, आणि या झाडाखाली पावसाच्या थेंबाबरोबर चीक अंगावर पडतो. काही ठिकाणी खोडावर तांबडा पट्टा रंगवलेला असतो, पण सगळीकडे नाही. दुसरी गोष्ट सरगॅसम नावाच्या समुद्री शेवाळाची. २०११ पासून ते पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊन पडते. कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. घरात कोणाला दमा असेल, तर हॉटेल पश्चिम किनाऱ्यावरचेच सुचवा.

रस्ते डाव्या बाजूचे असले तरी वेगमर्यादा किलोमीटरमध्ये लिहिलेली असते. ब्रिटनच्या चालकाला मैलांची सवय असते, हे विसरू नका. ब्रिटिश लायसन्सशिवाय पाहुण्या चालकाचा वेगळा परवानाही लागतो, तो भाड्याची गाडी देणाऱ्याकडूनच मिळतो. टॅक्सीला मीटर नसतो. भाडे बसण्याआधी ठरवावे आणि ते कोणत्या डॉलरमध्ये, हेही विचारून घ्यावे. १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर असा ठरलेला दर आहे आणि दोन्ही चलने चालतात. चूक झाली तर बिल थेट दुप्पट होते.

आता वादळाविषयी. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, हे मराठी घरांत कोणाला सांगावे लागत नाही. दोनच दिवसांनी, १ जुलैला, बेरिल हे चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले. विमानतळ बंद झाला. विश्वविजेता संघ खास विमान येईपर्यंत हॉटेलात अडकून पडला. बार्बाडोसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या गमावल्या आणि ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची तर दैना उडाली. बार्बाडोस कॅरिबियन बेटांच्या रांगेपासून पूर्वेला सुटे असल्याने वादळे बहुधा त्याला चुकवून जातात, असे सांगून जून ते नोव्हेंबरच्या स्वस्त सहली विकल्या जातात. ते खोटे नाही. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट चक्रीवादळ आले ते २०२१ मध्ये, एल्साचे. पण वादळ बेटावर आले नाही तरी विमाने थांबतात, हे बेरिलने दाखवले.

म्हणून विम्याचे बोलणे पैसे घेण्याआधी झाले पाहिजे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा बार्बाडोसमध्ये लागू नाही. उपचारांचा खर्च आणि प्रसंगी रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च पॉलिसीत हवा. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या वादळाचे नुकसान बहुधा धरले जात नाही. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने एखाद्या ठिकाणी जाऊ नका असे सांगितले असताना ग्राहक गेला, तर बहुतेक विमा कंपन्या हात वर करतात. विमान आणि हॉटेल एकत्र, पॅकेज म्हणून घेतले, तर ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांचे संरक्षण मिळते: अटळ कारणाने परतणे अशक्य झाल्यास तीन रात्रींपर्यंतच्या राहण्याचा खर्च आयोजकाने सोसायचा असतो. विमान एका संकेतस्थळावरून आणि खोली दुसऱ्यावरून घेणाऱ्याला हे मिळत नाही. थोडे पैसे वाचवायला निघालेल्या ग्राहकाला हा फरक समोर बसवून सांगा.

बरोबरच्या आई-वडिलांचे कागद वेगळे तपासावे लागतात. भारतीय पासपोर्टलाही बार्बाडोसच्या छोट्या पर्यटन दौऱ्यासाठी व्हिसा लागत नाही, म्हणून सगळे निश्चिंत होतात. पण तिकीट मायामीमार्गे निघाले, तर अमेरिकेत नुसते विमान बदलण्यासाठीही आई-वडिलांना अमेरिकेचा व्हिसा आणि ब्रिटिश नागरिक असलेल्या मुलाला ऑनलाइन मिळणारी पूर्वपरवानगी लागते. सहलीत त्रिनिदाद किंवा गयाना जोडले, आणि तिथली भारतीय वंशाची वस्ती पाहण्याची इच्छा आपल्या लोकांना असतेच, तर यलो फीवरच्या लसीचा दाखला लागतो. त्या देशांतून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे तो नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही नियमात नाही. दुकानात, बसमध्ये, हॉटेलच्या काउंटरवर आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचे आणि मग काम सांगायचे, ही तिथली रीत आहे. पोहण्याच्या कपड्यांत गावातून फिरणे असभ्य समजले जाते. ही एक ओळ पत्रकात घातली, तर ग्राहकाला तिथे मिळणारी वागणूकच बदलते.

डिसेंबर ते एप्रिल हा बार्बाडोसचा भर हंगाम. त्याची बुकिंग सुरू होण्याआधी आपली सूचनापत्रके नव्याने लिहून काढा, प्रत्येक सूचनेपुढे तिचे कारण द्या, आणि विमा व कागदपत्रांचे पान पैसे स्वीकारण्याआधी ग्राहकाबरोबर बसून वाचा.