आजीच्या बोटांवरच्या गाठी

आजीची बोटं जरा जवळून बघा. नखाजवळच्या सांध्यांवर टणक गाठी आहेत? त्या 'हेबर्डेनच्या गाठी'. सांध्यातली कूर्चा झिजली की कडेने हाड वाढतं, त्याच्या या गाठी. आईला असल्या तर मुलीलाही होण्याचा संभव जास्त. बोटं मोडल्याने (कुणाच्या नावाने नव्हे हं!) मात्र त्या होत असल्याचा पुरावा नाही. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नासेक वर्षं फक्त डाव्याच हाताची बोटं मोडली. संधिवात एकाही हाताला नाही, असं त्यांनी १९९८ साली छापून सांगितलं. काय ही चिकाटी!

पण सांधा मऊ सुजलेला, गरम असेल, सकाळी बोटं आखडत असतील, तर? हा वेगळा संधिवात असू शकतो, आणि तो मुलांनाही होतो. 'खेळताना लागलं असेल' म्हणून लपवू नका. आईबाबांना सांगा, डॉक्टरांना दाखवा.