एरिसिक्थनची भूक

प्राचीन ग्रीक भाषेत ‘निम्फी’ या शब्दाचा साधा अर्थ नववधू किंवा उपवर कन्या असा होता. झरे, डोंगर, समुद्र आणि वृक्ष यांच्या ठायी वसणाऱ्या देवींनाही ग्रीक लोक याच नावाने ओळखत. झ्यूस, अथीना, अपोलो या थोर देवतांची भव्य मंदिरे नगरांत उभी राहिली. निम्फींची पूजा मात्र बहुधा झऱ्याच्या मुखाशी, डोंगरातील गुहेत किंवा झाडाखाली होई. त्यांची कुळेही स्थानांप्रमाणे ठरलेली होती. झऱ्यांच्या व नद्यांच्या त्या नायड, डोंगरांच्या त्या ओरिअड, सागरवृद्ध नीरियसच्या ५० कन्या त्या नीरिअड. ओशनसच्या कन्यांची संख्या तर हेसिअड या कवीने ३,००० सांगितली आहे. ‘ड्रिस’ म्हणजे ओक वृक्ष; त्यावरून वृक्षवासी देवींना ‘ड्रायड’ हे नाव पडले.

ज्यांचा प्राण एकाच वृक्षाशी बांधलेला असे, त्या ‘हॅमाड्रायड’. ‘हॅमा’ म्हणजे सोबत. ॲफ्रोडायटी देवीच्या एका प्राचीन स्तोत्रात इडा पर्वतावरील अशा देवींचे वर्णन आढळते. त्या पूर्णपणे मर्त्य नाहीत आणि अमरही नाहीत. त्यांच्या जन्माबरोबर भूमीतून फर किंवा ओक वृक्ष उगवतो. कालांतराने तो वाळला, त्याची साल सुकली, फांद्या गळाल्या, की त्या देवीचाही प्राण जातो. निम्फींच्या आयुष्याचा एक हिशेब हेसिअडच्या नावे सांगितला जातो. कावळा माणसाच्या नऊ पिढ्या जगतो, हरिण कावळ्याच्या चौपट, डोमकावळा हरणाच्या तिप्पट, फिनिक्स पक्षी डोमकावळ्याच्या नऊपट आणि निम्फी फिनिक्सच्या दहापट. प्लुटार्कच्या एका संवादात पिढी म्हणजे केवळ एक वर्ष धरून हा गुणाकार केला आहे; तो ९,७२० वर्षे भरतो. इतके दीर्घ आयुष्य कुऱ्हाडीच्या काही घावांत संपू शकते, ही जाणीव एरिसिक्थनच्या कथेच्या मुळाशी आहे.

ही कथा इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा विद्वान कवी कॅलिमॅकस याने धान्यदेवी डिमीटरच्या स्तोत्रात सांगितली. थेसली प्रांतात डिमीटरची एक पवित्र वनराई होती. पाइन, एल्म, पेअर आणि सफरचंदाची दाट झाडी, मधून खळाळणारे पाटाचे पाणी. राजा ट्रायोपसचा पुत्र एरिसिक्थन २० सेवकांना कुऱ्हाडी देऊन तेथे शिरला. एक पॉप्लर गगनाला भिडला होता. भर दुपारी निम्फी त्याच्याभोवती खेळत. पहिला घाव त्याच्यावरच पडला आणि वृक्ष कण्हला. डिमीटरने ते ऐकले. आपल्याच पुजारिणीचे रूप घेऊन ती आली. आईवडिलांना नवसासायासाने लाभलेल्या या मुलाला तिने ममतेने थांबण्यास सांगितले. त्याने तिच्यावरच कुऱ्हाड उगारण्याची धमकी दिली. या लाकडांनी आपल्या भोजनगृहावर छप्पर घालायचे आहे, तेथे मित्रांना नित्य मेजवान्या द्यायच्या आहेत, असे तो म्हणाला. तेव्हा देवी मूळ रूपात प्रकटली. भोजनगृह अवश्य बांध, यापुढे तुला वरचेवर मेजवान्या लागणारच आहेत, एवढेच ती बोलली. भयभीत सेवक कुऱ्हाडी टाकून पळाले. धन्याच्या सक्तीने आलेल्या त्या लोकांना तिने शिक्षा केली नाही.

त्या क्षणापासून एरिसिक्थनला विलक्षण भूक लागली. जितके खावे तितकी ती वाढे. २० माणसे रांधत आणि १२ मद्य ओतत, तरी तो तृप्त होत नसे. कॅलिमॅकसने यापुढे वर्णन केले आहे ते एका प्रतिष्ठित कुटुंबाच्या लज्जेचे. मुलाला समारंभास पाठवणे अशक्य झाले. उत्सवाचे आमंत्रण आले, तेव्हा आईने सांगितले की तो कालच क्रॅननला १०० बैलांचे येणे वसूल करण्यास गेला आहे. लग्नाचे बोलावणे आले, तेव्हा म्हणाली की रानडुकराने त्याला जखमी केले असून नऊ दिवस तो अंथरुणावर आहे. कधी तो घोड्यावरून पडलेला असे, तर कधी ओथ्रिस पर्वतावर कळप मोजत असे. घरात आई, बहिणी आणि दाया रडत होत्या. जोवर कोठारात काही होते, तोवर हे दुःख चार भिंतींच्या आत राहिले. मग खेचरे गेली, शर्यतीचा आणि युद्धाचा घोडा गेला, घरातले मांजरही उरले नाही. अखेर तो राजपुत्र चव्हाट्यावर बसून उष्ट्या तुकड्यांची भीक मागू लागला.

रोमन कवी ओव्हिडने इ.स.च्या पहिल्या शतकाच्या आरंभी ‘मेटामॉर्फसिस’च्या आठव्या सर्गात हीच कथा अधिक उग्र केली. तेथे वृक्ष ओकचा आहे. घाव बसताच त्यातून रक्त वाहते. एक सेवक त्याला अडवू पाहतो, तर एरिसिक्थन त्याचाच शिरच्छेद करतो. वृक्षातील मरणोन्मुख देवी त्याला शिक्षेची पूर्वसूचना देते आणि तिच्या भगिनी काळी वस्त्रे नेसून धान्यदेवीकडे दाद मागतात. धान्यदेवी आणि क्षुधा यांची भेट होऊ नये असा दैवाचा नियम असल्याने, एक डोंगरदेवी क्षुधेकडे निरोप नेते. सर्व संपत्ती गिळून झाल्यावर एरिसिक्थन पोटच्या मुलीला विकतो. समुद्रदेवाने तिला रूप पालटण्याची शक्ती दिलेली असते. त्या बळावर ती सुटून येते आणि बाप तिला पुन्हा पुन्हा विकतो. शेवटी तो स्वतःचेच अवयव खाऊ लागतो.

या श्रद्धेला व्यवहाराची जोडही होती. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरच्या एका अथेन्सच्या शिलालेखात अपोलोच्या पुजाऱ्याने देवस्थानातील लाकूड, फांद्या, अगदी गळालेली पानेही नेण्यास मनाई केली आहे. गुलामाला ५० फटके आणि स्वतंत्र नागरिकाला ५० ड्रॅक्मा दंड, अशी त्यात शिक्षा आहे. याउलट, अथेन्सजवळ वारी येथील गुहेत इ.स.पू. पाचव्या शतकात आर्किडेमस नावाच्या थेरा बेटावरील माणसाने कोरलेले लेख आहेत. निम्फींच्या आज्ञेवरून आपण ही गुहा घडवली आणि त्यांच्यासाठी बाग लावली, असे तो सांगतो. एका राजपुत्राने देवींचे वन तोडले. एका साध्या माणसाने त्यांच्यासाठी झाडे लावली.

कथेतील शाप काल्पनिक असेल. त्यामागचे नुकसान खरे होते. इ.स.पू. चौथ्या शतकात प्लेटोने ‘क्रिटियास’ या संवादात ॲटिका प्रदेशाची स्थिती लिहिली आहे. ज्या डोंगरांवर आता मधमाश्यांपुरतेच खाद्य उरले होते, तेथे पूर्वी मोठी झाडे होती. मोठ्या इमारतींसाठी तेथून तोडलेल्या लाकडांची छपरे अजून शाबूत होती. माती वाहून समुद्रात गेली. पूर्वी जमीन पावसाचे पाणी पोटात साठवी आणि झऱ्यांना देई. आता ते उघड्या डोंगरांवरून वाहून जाई. पुरावा म्हणून प्लेटो एक खूण दाखवतो: जेथे पूर्वी झरे होते, तेथे त्यांची देवस्थाने अद्याप उभी आहेत. छप्पर टिकले, देऊळ टिकले. ज्या पाण्यासाठी लोक तेथे येत, ते मात्र राहिले नाही. एरिसिक्थनलाही छपरासाठी लाकूडच हवे होते. पुढच्या पिढीसाठी काय राखायचे याचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने त्याची कथा जमाखर्चाच्या वहीशेजारी ठेवावी, इतकी ती आजही ताजी आहे.